‘दिसला नाही’ म्हणजे काय? अंगाला बसणाऱ्या रेडियम जॅकेटविषयी



मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांविषयी बोलत होतो आणि अनुपलब्धीपाशी येऊन थांबलो होतो. प्रश्नोत्तरांत एक श्रोते उठले. म्हणाले, “सर, आमचा गणवेश शिवायचा कारखाना आहे. रस्त्याच्या कामावरच्या माणसांसाठी रेडियम जॅकेटं शिवायची ऑर्डर आलीय. ठेकेदार म्हणतो, सगळी एकाच मापाची द्या, फ्री साइझ. चालेल का?” सभागृहात हशा पिकला. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला शिंप्याचा प्रश्न! पण आम्ही आठवडाभर त्यावर विचार केला, आणि वाटलं की मागच्या विषयाचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. सोलापूर तर गणवेशांचं गाव. हा प्रश्न इथं नाही विचारायचा तर कुठं?

आधी मागची उजळणी करू. अनुपलब्धी म्हणजे न दिसणं. “जमिनीवर घट नाही” हे आपल्याला कसं कळतं? घट दिसत नाही, यावरूनच. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती हे स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवू. मात्र एका अटीवर सगळ्यांचं एकमत आहे. घट तिथं असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून “घट नाही” म्हणता येत नाही. अट पाळणाऱ्या या न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता पुणे रस्त्यावर या. रात्रीचे दोन वाजलेत, एका बाजूला काम चाललंय, आणि ट्रक ताशी ८० किलोमीटरनं येतोय. चालकाला पुढं कुणी दिसत नाही, म्हणून तो समजतो, पुढं कुणी नाही. तो अनुपलब्धीच वापरतोय, बरं का! ताशी ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. बघून, समजून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरले, तर ५५ मीटर तसेच निघून जातात. गाडी थांबायचं अंतर त्याच्यापुढं सुरू होतं. म्हणजे माणूस शे-सव्वाशे मीटरवरूनच दिसायला हवा. जॅकेटचं काम एवढंच: “इथं माणूस असता तर दिसलाच असता” ही अट खरी करणं.

ते हे काम कसं करतं? आपण ‘रेडियम’ म्हणतो, पण त्यात रेडियम अजिबात नसतं. जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, कापडाचा भडक पिवळा किंवा नारिंगी रंग. हा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून दिवसा आणि विशेषतः संधिप्रकाशात तो उठून दिसतो. रात्री मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. दुसरी, चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा लोलक असतात. आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो, पांढरा सदरा तो चहूकडे विखुरतो. ही पट्टी मात्र प्रकाश जिथून आला तिथंच परत पाठवते. चालकाचे डोळे त्याच्या हेडलाइटच्या जवळच असतात, म्हणून त्याला ती लखलखीत दिसते. उसाच्या ट्रॉलीमागं लावतात ती पट्टी हेच काम करते.

माणसाला असं भडक करायची कल्पना फार जुनी नाही. १९६४ मध्ये स्कॉटलंडात, ग्लासगोजवळच्या विजेच्या रेल्वेमार्गावर, रुळांवर काम करणाऱ्यांना चमकदार नारिंगी जॅकेटं देऊन बघितली गेली. आज आपल्या रेल्वेचे ट्रॅकमनही नारिंगीतच दिसतात.

आता मूळ प्रश्न: माप. जॅकेट किती चमकतं हे मोजणं सोपं आहे. पण चमकणारा भाग माणसाच्या अंगावर नेमका कुठं येतो, हे मापानं ठरतं.

आपल्याकडे यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १५८०९ आहे, जागतिक पातळीवर आयएसओ २०४७१ आहे. आयएसओमध्ये तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाला भडक कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि चमकती पट्टी ०.१३ चौरस मीटर लागते. पट्टी ५ सेंटीमीटर रुंद असेल तर हे झाले २ मीटर ६० सेंटीमीटर. तिसऱ्या वर्गाला कापड ०.८० आणि पट्टी ०.२० चौरस मीटर. शिवाय बाह्या किंवा पायघोळ विजारही पट्ट्यांसह हवी. हात-पाय का? १९७३ मध्ये युहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर ठिपक्यांएवढे दिवे असले, तरी तो चालायला लागताच बघणारा क्षणात ओळखतो: हा माणूस आहे. छातीवरची पट्टी सांगते, “काहीतरी आहे”. हालत्या हातापायांवरची पट्टी सांगते, “कुणीतरी आहे”. रात्री वेगवान वाहनांच्या रस्त्यावर काम असेल, तर तिसरा वर्गच मागा.

पट्टी अंगाभोवती पूर्ण फिरलेली असते, ती कुठूनही गाडी आली तरी दिसावी म्हणून. आता ढगळ जॅकेट घाला. समोरून ते उघडं राहतं, पुढची पट्टी दोन्ही बगलांकडे वळते, आणि समोरून येणाऱ्याला मधला साधा सदरा दिसतो. खांदे उतरतात, पट्टी घड्यांत लपते. घमेलं उचलायला वाकलं की घेर लोंबतो आणि यंत्रात अडकतो. हा धोका आपल्या गिरणगावाला नवा नाही. जुन्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २२ बघा: चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावे लागत, आणि ते मालकानं पुरवायचे असत. त्या कायद्याला कपड्याचं माप म्हणजे सुरक्षिततेचा भाग वाटत होता, शोभेचा नाही.

उलट आखूड, घट्ट जॅकेट घातलं तर हात वर करताच ते पोटावर चढतं, चेन लागत नाही, आणि माणूस दुपारपर्यंत ते काढून ठेवतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना त्याला दोष कोण देणार? म्हणून इथं जाळीचं, हवा खेळणारं कापड घ्या. काढून ठेवलेलं जॅकेट कितीही उत्तम असलं तरी त्याचा उपयोग शून्य.

आणि बायांचं काय? खडी-मुरूम वाहणाऱ्या बाया साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर पुरुषी छातीच्या मापाचं ढगळ जॅकेट येतं. मग पदर कुठं जातो? जॅकेटवरून, पट्टीवरून. आम्ही एकदा रस्त्याच्या कामापाशी गाडीत अडकून बसलो होतो. हेडलाइटमध्ये पुरुष झळकत होते, आणि त्यांच्यामधली एक बाई नुसती सावली वाटत होती. जॅकेट तिच्याही अंगावर होतं! हजेरीवर “जॅकेट दिलं” अशी खूण नक्की झाली असणार.

इथं एक गंभीर गोष्ट आहे. रस्त्यावर जॅकेटं जितकी वाढतात, तितका चालकाचा विश्वास वाढतो की कामावरचा माणूस चमकतोच. मग जो चमकत नाही, तो त्याच्या लेखी नसतो. म्हणजे न बसणारं जॅकेट नुसतं निरुपयोगी नाही. इतरांच्या चांगल्या जॅकेटांमुळं ते घालणाराच जास्त धोक्यात येतो. नंतर चालक म्हणतो, “दिसला नाही”, आणि तो खोटं बोलत नसतो. दिसण्याची अट पुरी करायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती पुरी केलेली नसते.

कारखानदार मित्रांची एक अडचण मात्र खरी आहे. माप लहान केलं की कापड आणि पट्टीही कमी होते, आणि जॅकेट खालच्या वर्गात घसरू शकतं. त्यावर उपाय आहे. सगळ्यांत लहान मापाचं क्षेत्रफळ आधी मोजा, ते वर्गात बसेल असं बेता, मग मोठी मापं काढा. बगलेला पट्टे द्या म्हणजे घेर कमी-जास्त करता येईल. बायांसाठी वेगळा साचा घ्या आणि पदर आत खोचून वर जॅकेट येईल अशी उंची ठेवा.

घेणाऱ्या मुकादमानं काय बघावं? रोजच्या कपड्यांवर घालून बघावं, हिवाळ्यात स्वेटरवर. चेन लावून वाकावं, उकिडवं बसावं, दोन्ही हात वर करावेत. पट्टी दिसत राहिली पाहिजे. मग रात्री शंभर पावलांवर माणूस उभा करून हेडलाइट लावावा, आणि त्याला चारी बाजूंनी फिरायला सांगावं. लेबलवर किती धुण्यांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचावं. डांबर-धुळीनं मळलेली पट्टी आणि विटलेला रंग म्हणजे जॅकेट संपलं.

तर त्या श्रोत्यांना आमचं उत्तर: नाही, चालणार नाही. प्रमाण या शब्दात ‘मा’ हा धातू आहे, मोजणं. ज्ञानाचं साधन आणि शिंप्याचं माप, दोन्ही तिथूनच आली. टेप घेऊन कामावर जा, छाती, खांदा, उंची घ्या, आणि सुरुवात बायांपासून करा.

पुढच्या वेळी अर्थापत्ती. प्रश्न असतील तर आत्ता विचारा.