विश्लेषण : जुन्या गुन्ह्यामुळे सुरक्षा मंजुरी नाकारली, दाद कुठे मागायची?

शिक्षा भोगून झाली तरी गुन्ह्याची नोंद पाठ सोडत नाही. अमेरिकेत गोपनीय माहिती हाताळण्यासाठी लागणारी सुरक्षा मंजुरी, म्हणजेच ‘सिक्युरिटी क्लीअरन्स’, अशा नोंदीवरून नाकारली जाते. त्याविरुद्ध अपील करता येते. मात्र खरी लढाई अपिलाच्या आधीच होते.

ईगन प्रकरण काय होते?
थॉमस ईगन हे ब्रेमर्टन येथील नौदलाच्या पाणबुडी दुरुस्ती तळावर कामाला होते. हल्ला आणि बेकायदा बंदूक बाळगल्याबद्दल झालेली शिक्षा, तसेच आधीच्या दोन शिक्षा अर्जात न सांगणे, या कारणांवरून नौदलाने १९८३ मध्ये त्यांना मंजुरी नाकारली. नोकरीही गेली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी ठरवले, की अशी मंजुरी हा कोणाचाही हक्क नाही आणि ती नाकारणे योग्य की अयोग्य, हे कर्मचाऱ्यांच्या अपील मंडळाने तपासायचे नाही.

मग मार्ग कोणता?
संरक्षण विभागाच्या कंत्राटदारांकडील कर्मचाऱ्याला आधी आक्षेपांचे लेखी निवेदन मिळते. २० दिवसांत प्रत्येक मुद्द्याला शपथेवर उत्तर द्यावे लागते. प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणीही मागता येते. निकाल विरोधात गेल्यास १५ दिवसांत अपिलाची नोटीस द्यायची. पण अपील मंडळ नवा पुरावा स्वीकारत नाही. त्यामुळे सर्व कागदपत्रे सुनावणीतच सादर करायला हवीत.

काय उपयोगी पडते?
२०१७ पासून लागू असलेल्या निकषांत गुन्ह्याला किती काळ लोटला, तो कोणत्या परिस्थितीत घडला, प्रोबेशनच्या अटी पाळल्या का, भरपाई दिली का, पुढचे शिक्षण आणि नोकरीतील कामगिरी कशी, हे पाहिले जाते. शंका उरल्यास कौल राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने जातो. माहिती लपवणे हा तर स्वतंत्र आक्षेप ठरतो.

भारतात काय?
सरकारी नोकरीपूर्वीच्या चारित्र्य पडताळणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात दंडक घालून दिले. उमेदवाराने खरी माहिती द्यावी. किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर तो माफ करण्याचा विचार नियुक्ती करणारा करू शकतो. मात्र सगळे खरे सांगितले म्हणून नियुक्ती मिळेलच, अशी हमी नाही. लपवल्यास मात्र मूळ गुन्ह्यासोबत लपवाछपवीचाही जाब द्यावा लागतो.