आजीची गोष्ट, बत्तीस पानांत

"आजी, तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांग ना," असं म्हटलं की बहुतेक आज्या "काय सांगायचं त्यात, सगळ्यांचं होतं तसंच आमचं," म्हणून विषय मिटवतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांतून नेमकं काय उचलायचं, ते त्यांना सुचत नाही. त्याऐवजी "तुमच्या घरात चूल कुठल्या भिंतीला होती?" असं विचारून पाहा. बोलणं चुलीवरून सरपणावर जातं, सरपणावरून ते आणायला कोण जायचं यावर, आणि तिथून एका पावसाळ्यात लाकडं पेटेनात तेव्हा घरात काय झालं यावर. त्या शेवटच्या प्रसंगाचं पुस्तक होतं.

घरातल्या मोठ्या माणसाची एक गोष्ट नातवंडासाठी बत्तीस पानांच्या पुस्तकात कशी आणायची, ते इथे सांगायचं आहे. बाजारात मुलाचं नाव आणि फोटो घालून छापून देतात अशी तयार गोष्टीची पुस्तकं मिळतात. मूल आपलं नाव वाचून हरखतं, यात शंका नाही. पण नाव बदललं की तेच पुस्तक शेजारच्या घरी चालतं. घरची आठवण राखायची असेल तर मूल गोष्टीचा नायक नसलं तरी चालेल. गोष्ट मात्र त्याच्याच घरात घडलेली हवी.

पहिल्या बैठकीला एक मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन बसावं. आजीला जुन्या घराचा नकाशा काढायला सांगावा किंवा तिच्या सांगण्यावरून आपण काढावा. ओटी कुठे, माजघर कुठे, न्हाणी आत की परसात, पाणी कुठून यायचं, रात्री कोण कुठे झोपायचं. खोल्या आल्या की माणसं आपोआप येतात. आजोबा जवळ बसले तर ते तारखा दुरुस्त करत राहतात आणि आजी हळूहळू गप्प होते, म्हणून दोघांना वेगवेगळं बसवावं. एक बैठक अर्ध्या तासाहून लांबवू नये. चार दिवसांनी तोच प्रसंग पुन्हा विचारावा. पहिल्या वेळी सुटलेलं एखादं माणूस दुसऱ्या वेळी हमखास येतं.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल पुरतो. टीव्ही आणि पंखा बंद करावा, फोन टेबलावर न ठेवता उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, म्हणजे टेबलावरचे धक्के त्यात उतरत नाहीत. फोन 'विमान' स्थितीत टाकावा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि आजची तारीख म्हणावी. ही सवय क्षुल्लक वाटते, पण जपण्याच्या कामात तिला फार मोल आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. म्हणून आज त्या नुसत्या लोकगीतांचा ढीग न राहता अमुक गावच्या अमुक बाईचा शब्द म्हणून वाचता येतात. आपल्या आजीच्या शब्दाला तेवढा मान घरात तरी मिळावा.

तारखांसाठी आजीला सन विचारून फारसा उपयोग होत नाही. त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच जन्मतारीख आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी ती टाकली. त्यांचा काळ मोठ्या घटनांना बांधलेला असतो. पुण्याच्या माणसाला "पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढे होता?" असं विचारलं की १२ जुलै १९६१ हा एक खुंटा हाती लागतो. साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात बहात्तरचा दुष्काळ: खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरची लाल मिलो. मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. "तेव्हा थोरला पोटात होता" किंवा "तेव्हा मी परकर नेसत होते" एवढं उत्तर मिळालं तरी बाकीचं वजाबाकीने निघतं. त्याही मागच्या पिढ्यांची नावं हवी असतील तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीच्या वह्यांत आपल्या घराण्यातून पूर्वी येऊन गेलेल्यांची नोंद सापडू शकते. मूळ गाव आणि आडनाव नीट सांगता आलं पाहिजे.

आता घरातल्या वस्तू. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण फोटोंच्या मागे धावताना सगळ्यांचं यांच्याकडे दुर्लक्ष होतं. माळ्यावरची पितळेची आणि तांब्याची भांडी खाली काढा. घंगाळ, हंडा, कळशी, पराती, लग्नात आलेली ताटं. काठाजवळ किंवा बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं असतात: कोणाकडून, कोणास, कुठल्या निमित्ताने आणि बऱ्याचदा तारीखसुद्धा. भांडं चिंचेने घासून लख्ख करायचा मोह आवरा, झिजलेली अक्षरं आणखी झिजतात. खोली अंधारी करून विजेरी भांड्याच्या कडेला जवळजवळ आडवी धरा, ठिपक्यांच्या सावल्या पडून ओळ वाचता येते. तरीही नाही वाचता आली तर बोटाने चिमूटभर रांगोळी त्या रेघेवर फिरवून वरवर पुसा. ठिपक्यांत पांढरी भुकटी राहते आणि अक्षर उमटतं. तसा फोटो काढून घ्या. अशा एका ओळीतून आजीच्या मामाचं नाव, त्याचं गाव आणि लग्नाची तिथी एकदम मिळू शकते, आणि तो हंडा पुस्तकात एक पान मिळवतो. लग्नपत्रिका, आंतर्देशीय पत्रं, कॅलेंडरच्या चौकटीतल्या दुधाच्या नि गॅसच्या नोंदी हेही याच रांगेतलं.

फोटोंचं काम शक्यतो हिवाळ्यात करावं, पावसाळी दमटपणात जुने फोटो एकमेकांना चिकटतात आणि ओढताना वरचा थर निघतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उचकटू नये. दात साफ करायचा बारीक दोरा एका कोपऱ्याखालून करवतीसारखा हळूहळू सरकवावा, आणि तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करावा. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो सोडवायला अजिबात जाऊ नये, काचेवरूनच उजेड तिरपा ठेवून टिपावा. स्कॅन ६०० डीपीआयवर करावा. हिशेब सोपा आहे: ३ बाय ४ इंचांचा फोटो ६०० वर घेतला की १८०० बाय २४०० ठिपके मिळतात, आणि छपाईला ३०० लागतात, म्हणून तोच फोटो ६ बाय ८ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची दाब देऊन काढलेली रेघ पुढच्या बाजूने चेहऱ्यावर दिसते.

मग लिहिणं. इथे बहुतेक घरं अडकतात, कारण आजीचं सगळं आयुष्य त्यात आलं पाहिजे असं वाटू लागतं. तसं केलं की जन्म, शाळा, लग्न, बदल्या, अशी जंत्री तयार होते आणि मूल तिसऱ्या पानावर उठतं. एक प्रसंग घ्यावा. बाकीचे पुढच्या वर्षी, दुसऱ्या पुस्तकात. समजा, ध्वनिमुद्रणात असं आहे:

"पाऊस तर असा लागल्याला, आठ दिस झालं, उघडीपच न्हाई. सरपान समदं वलं. आय फुकतीया, फुकतीया, धूर नुसता. म्या म्हनलं, आय, तात्यांची वही हाय की जुनी. हिशेबाची. आन् दोन पानं टराटरा फाडली. चूल पेटली, पर सांच्याला तात्या आलं."

हे उतरवताना आधी जसंच्या तसं उतरवावं, अगदी अडखळण्यासकट. फोनवरचं बोलून टंकलेखन करणारं साधन बोलीभाषेत हमखास घसरतं, त्यामुळे कानाने तपासायला पर्याय नाही. त्यानंतर पुस्तकाची पानं पाडावीत. निवेदन मुलाला कळेल अशा मराठीत असू द्यावं, पण संवाद आजीच्या बोलीतलेच राहावेत: "आठ दिवस पाऊस थांबलाच नव्हता. सरपण सगळं ओलं. आई फुंकत होती, फुंकत होती, आणि घरभर नुसता धूर. 'आय, तात्यांची वही हाय की जुनी,' मी म्हटलं." इथे उजवं पान संपवायचं. वहीचं पुढे काय झालं ते पान उलटल्यावर. पुढच्या पानावर एकच शब्द मोठ्या अक्षरात: टराटरा. आणि "सांच्याला तात्या आलं" ही ओळ परत उजव्या पानाच्या तळाशी, म्हणजे मूल स्वतःच पान उलटेल. आजीच्या बोलीची लाज वाटून "सायंकाळी वडील घरी आले" असं कोणी करू नये. मूल पुढे ज्या आवाजासाठी हे पुस्तक उघडेल, तोच आवाज तसं केल्याने पुसला जातो.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी एका पानावर दोन-तीन वाक्यं, अठरा ते वीस पॉइंटचं अक्षर आणि सगळ्या पुस्तकात मिळून चारपाचशे शब्द पुरतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तिप्पट मजकूर चालतो, शिवाय त्याला घराचा तो पेन्सिलीचा नकाशा फार आवडतो; तो आतल्या मुखपृष्ठावर घ्यावा. चित्रं घरातल्याच कोणी काढावीत. नुसते जुने करडे फोटो लहान मुलाला धरून ठेवत नाहीत, चित्रांमध्ये अधूनमधून एक आला की तो खरा वाटतो.

मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या संगणकावर गेलं की अक्षरांचा चुरा होतो. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी: पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. नुकतंच वाचू लागलेलं मूल शाळेच्या पुस्तकातला ल ओळखतं आणि इथे अडखळतं. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणु हे युनिकोड टंक मोफत दिलेले आहेत, त्यांपासून सुरुवात करता येईल. पानं लावून पीडीएफ आली की वऱ्हाड, कुऱ्हाड, सुऱ्या, लक्ष्मी, श्रद्धा असे शब्द शोधून डोळ्यांखालून घालावेत. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळणी बरोबर निवडलेली नसली की जोडाक्षरं सुटी पडतात किंवा वेलांटी भलतीकडे जाते.

छपाईबद्दल थोडक्यात. कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानसंख्या चाराच्या पटीतच धरावी. बत्तीस म्हणजे छापखान्याच्या भाषेत सोळा पानी दोन फर्मे. दहा-वीस प्रतींसाठी डिजिटल छपाई घ्यावी. ऑफसेटला प्लेटा कराव्या लागतात, तो खर्च काही शे प्रतींशिवाय निघत नाही. मुलांच्या हातात जाणाऱ्या पुस्तकाला १३० जीएसएमचा मॅट कागद चांगला, चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड पडून अक्षर दिसत नाही. कडेपर्यंत जाणारं चित्र चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवावं, कापताना ते जातं. पिना मारलेली बांधणी स्वस्त आणि पुरेशी टिकाऊ असते, पण एक-दोन प्रती दोऱ्याने शिवून पुठ्ठ्याच्या बांधणीत घ्याव्यात.

त्या पुठ्ठ्यावर आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं कापड लावता येतं, आणि माझ्या मते भेटवस्तूंच्या दुकानातल्या कुठल्याही नाव कोरलेल्या वस्तूपेक्षा ते मोलाचं. मात्र बाइंडरकडे नुसतं कापड देऊ नये. जुनं सूत विरळ झालेलं असतं, खळ आरपार येऊन वर डाग पडतात. आधी कापडाच्या मागे पातळ कागद पातळ खळीने चिकटवून, सपाट वाळवून, मग ते पुठ्ठ्यावर चढवायचं. काठ पुस्तकाच्या पाठीवर येईल असा बेत केला तर रोज हात लागणाऱ्या सांध्यावर जाड वीण येते. उरलेल्या लुगड्याची गोधडी शिवावी. कापड फार विरलं असेल तर ते आतल्या थरात घालावं आणि वरून मजबूत धडका तुकडा घ्यावा.

छापायला देण्याआधी कच्ची प्रत आजीला मोठ्याने वाचून दाखवलीच पाहिजे. ती नावं दुरुस्त करील, नात्यातली चूक काढील, आणि कदाचित एखादी ओळ काढून टाकायला सांगेल. वहीची पानं फाडल्यावर तात्यांनी काय केलं, हे तिला चारचौघांत नको असू शकतं. ती सांगेल ते काढावं, कारण विचारू नये. जमिनीचे वाद, कोणाचं मोडलेलं लग्न, कर्ज, हे ध्वनिमुद्रणात आलेलं असतं. ते ध्वनिमुद्रणातच राहू द्यावं. मूळ ध्वनिफिती तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी, आणि फाइलच्या नावातच माणूस, गाव, तारीख घालावी. पुस्तकात क्यूआर कोड देऊन आवाज ऐकवता येतो, पण ज्या संकेतस्थळावर तो ठेवला ते बंद पडलं की कोड मुका होतो, म्हणून त्याच्या भरवशावर मूळ फाइल पुसू नये.

प्रती मोजताना आजीच्या माहेरची माणसं धरावीत. चूल त्यांच्या घरातली, वही त्यांच्या तात्यांची. तिच्या भावाच्या घरी प्रत पोचली की आठवड्याभरात फोन करावा. तीच गोष्ट त्या घरात कोणी वेगळी ऐकलेली असली, तर ध्वनिमुद्रण चालू करून ती विचारून घ्यावी.