घरातली गॅस भट्टी: धूर बाहेर जातो, पण हवा आत कुठून येते?



फराळ, फरसाण, चिवडा, चिक्की... घरातून सुरू होणाऱ्या उद्योगांत खाण्याच्या पदार्थांचा नंबर वरचा. सुरुवातीला घरची दोन बर्नरची शेगडी पुरते. ऑर्डर वाढल्या की मागच्या खोलीत मोठी भट्टी येते आणि १९ किलोचा कमर्शिअल सिलिंडर येतो. (घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरायला कायद्याने परवानगी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) भट्टी, कढई, पॅकिंग मशीन यांचं कोटेशन आपण चार ठिकाणी फिरून घेतो. धूर आणि वाफ कुठून जाणार, याचं उत्तर मात्र ठरलेलं असतं: "एक एक्झॉस्ट फॅन लावू की!"

फॅन लावाच. पण ते अर्धंच काम झालं. उरलेल्या अर्ध्या कामात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

गॅस जळताना खोलीत काय होतं?

१ किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. १० बाय १० ची, ९ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात हवा मावते सुमारे २५ घनमीटर. म्हणजे बंद खोलीत २ किलो गॅस जाळायचा तर हिशोबाने खोलीतली जवळजवळ सगळी हवा लागेल. तेवढी वेळ येतच नाही, कारण त्याच्या खूप आधी ज्योत बिघडते. निळी ज्योत पिवळी पडते, कढईच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो.

हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. गॅसचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो आणि गॅसबरोबर तोही जळून जातो. त्यामुळे "वास येत नाहीये, म्हणजे सगळं ठीक" हा हिशोब इथे चालत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही.

आणखी एक गोष्ट, ही थेट तुमच्या मालाची. १ किलो गॅस जळला की दीड लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन खोलीत येतं. खिडकीच्या काचा ओल्या होतात, भिंतीला घाम येतो आणि गार करायला पसरलेली चकली मऊ पडते. "पीठ बिघडलं वाटतं" असं आपण म्हणतो. पीठ बरोबर असतं, खोली कोंडलेली असते.

खिडकी का बंद होते?

दिवाळीच्या तोंडावरचे दिवस आठवा. रात्री बारा वाजले तरी घाणे चालूच. शेजाऱ्यांना तळणाचा वास जातो म्हणून खिडकी लावली. धूळ आणि माश्या नकोत म्हणून दार लोटून घेतलं. आता एक्झॉस्ट फॅन जोरात फिरतोय, पण बाहेर टाकायला हवा आणणार कुठून? बाटलीला तोंड लावून हवा ओढून बघा, थोडी येते आणि मग अडते. बंद खोलीतल्या फॅनचं तेच होतं.

यात दुसरा धोका लपलेला आहे. दमदार फॅन हवा कुठून तरी ओढतोच. घरात गॅस गीझर असेल, तर त्याच्या धुराच्या पाइपमधूनही तो उलटी ओढ लावू शकतो. मग गीझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात येतो. भट्टी आणि एक्झॉस्ट चालू असताना गॅस गीझर लावायचा नाही, हा नियमच करा.

मांडणी कशी करायची?

१. भट्टीच्या वर हूड घ्या. भट्टीपेक्षा तो चारही बाजूंनी किमान अर्धा फूट मोठा हवा. भिंतीवर लांब लावलेल्या फॅनपर्यंत धूर पोचेपर्यंत तो खोलीभर पसरलेला असतो. काम चालू असताना सीलिंग फॅन बंद ठेवा, तो धुराला हूडपासून दूर लोटतो.

२. डक्ट पत्र्याचा घ्या. शक्य तितका सरळ आणि कमी वळणांचा. तो थेट उघड्यावर निघू द्या, कुणाच्या खिडकीसमोर किंवा इमारतीच्या बंद शाफ्टमध्ये नको. आत तेल साचतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून साफ करायला दार ठेवायला फॅब्रिकेटरला सांगा.

३. हवा आत यायची वाट समोरच्या भिंतीत, खाली ठेवा. ती किमान एक्झॉस्टच्या तोंडाएवढी हवी. जाळी लावली तर भोकांची मोकळी जागाच मोजा. तिला शटर नको, म्हणजे कुणी बंद करणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे थोडी गळती झाली तर खालची वाट तिथेही मदत करते.

४. डक्ट नसलेली, कार्बन फिल्टरची चिमणी इथे उपयोगाची नाही. ती वास आणि तेल अडवते, पण कार्बन मोनॉक्साइड तसाच खोलीत परत सोडते.

एका अगरबत्तीची चाचणी

गॅसचा वास येत असेल तर ही चाचणी करायची नाही. आधी गळतीचा बंदोबस्त करा, त्यासाठी १९०६ ही हेल्पलाइन आहे.

कढईत तेलाऐवजी पाणी ठेवा. कामाच्या दिवशी जी दारं-खिडक्या बंद असतात ती बंद करा. भट्टी आणि एक्झॉस्ट १५ मिनिटं चालू द्या. मग अगरबत्ती हूडच्या कडेने चारही बाजूंनी फिरवा. धूर हूडमध्ये ओढला गेला पाहिजे. खालच्या जाळीपाशी धरा, तिथे धूर खोलीच्या आत वळला पाहिजे. आता दार थोडं उघडा. दार उघडल्यावर हूडची ओढ एकदम वाढली, तर समजा की आत येणारी हवा कमी पडतेय. जाळी मोठी करा.

डोकं दुखतंय? आधी बाहेर या

भट्टीवर काम करणाऱ्या ताईचं डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. आपण म्हणतो, दगदग झाली. पण त्रास एकाच वेळी दोघी-तिघींना होत असेल, किंवा बाहेर गेल्यावर कमी होत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना या वायूचं नाव सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा नॉर्मल दाखवू शकतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो घ्या. गॅस गळतीचा डिटेक्टर हे काम करत नाही.

आता पैशाचं बोलू

समजा हूड, डक्ट, फॅन, जाळी आणि अलार्म मिळून १८,००० रुपये लागले. ३ वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला ५०० रुपये. महिन्याला १०० किलो माल निघत असेल तर किलोमागे ५ रुपये. तुमचे आकडे टाकून हाच हिशोब करा आणि तो खर्च विक्रीच्या किमतीत धरा. बँकेला प्रकल्प अहवाल देताना भट्टीच्या खालच्या ओळीत हा खर्च लिहा, "नंतर बघू"च्या यादीत नको.

भट्टीवर उभी राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा तुमची आई, बायको, बहीण किंवा तुमच्यावर विश्वास ठेवून कामाला आलेली शेजारीण असते. पुढची मोठी ऑर्डर घेण्याआधी एक अगरबत्ती लावून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे, याच आठवड्यात करून टाका.