जिन्यातला दिवा आणि विजेचा हिशेब

रात्रीची जेवणे आटोपली की आमच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो, "जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला?" वडील भावाकडे बोट दाखवतात, भाऊ माझ्याकडे. आजीचे म्हणणे मात्र निराळे. "राहू दे रे चालू. अंधारात पाय घसरण्यापेक्षा चार रुपये बिल जास्त आलेलं बरं!" तसे पाहिले तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. वीजही वाचली पाहिजे आणि आजीचा पायही सांभाळला पाहिजे. माणूस आला की लागणारा व तो गेल्यावर आपोआप विझणारा दिवा हा यावरचा तोडगा. त्यासाठी लागणारे मोशन सेन्सर स्विच आता विजेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळते. ते चालते कसे आणि खरोखर वीज किती वाचवते, हे या लेखात पाहू.

या स्विचला आपले रूप दिसत नाही. त्याला कळते ती आपल्या अंगाची ऊब. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले व तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे थर्मामीटर ठेवला. पारा वर चढला! तेच अवरक्त किरण. प्रत्येक उबदार वस्तू असे किरण बाहेर टाकत असते आणि आपले शरीरही त्याला अपवाद नाही.

स्विचच्या आत एक विशिष्ट पदार्थ असतो. त्याचे तापमान किंचित बदलले तरी त्यावर विद्युतभार निर्माण होतो. या पदार्थाचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. सबंध खोली सावकाश तापली तर दोन्ही भागांवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य येते. माणूस समोरून गेला की ऊब आधी एका भागावर व मग दुसऱ्यावर पडते. हा फरक ओळखून दिवा लागतो. वरचे खाचाखाचांचे पांढरे प्लॅस्टिक म्हणजे फ्रेनेलचे भिंग होय. एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी तयार झालेले हे भिंग येथे समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते. म्हणून समोरून आडवे जाणारा माणूस सेन्सरला चटकन कळतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा जरा उशिरा.

यावरून त्याच्या मर्यादाही ध्यानात येतील. न हलता वाचत बसलात तर दिवा विझेल. काचेच्या तावदानापलीकडचा माणूस त्याला कळत नाही, कारण हे किरण काचेतून जात नाहीत. ऐन उन्हाळ्यात भिंती अंगाइतक्याच तापल्या की तो मंदावतो. मांजर गेले तरी दिवा लागू शकतो.

आता हिशेब. हा स्विच स्वतः चोवीस तास थोडी वीज खातो. ती अर्धा वॅट धरली तर दिवसाला १२ वॅट-तास झाले. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढी वीज एक तास वीस मिनिटांत घेतो. म्हणजेच एखाद्या खोलीतला दिवा दिवसाला त्याहून कमी वेळ विनाकारण जळत असेल, तर तेथे सेन्सर बसवून वीज वाचणार नाही, उलट वाढेल!

जिन्याची गोष्ट वेगळी. तेथे साठ वॅटचा जुना बल्ब रात्रभर अकरा तास जळला तर ६६० वॅट-तास लागतात. त्याजागी नऊ वॅटचा एलईडी लावला की ९९. त्याला सेन्सर जोडला व दिवा रात्रीतून एकूण तासभरच लागला, तर सेन्सरच्या खर्चासह २१. वर्षाचा विचार केला तर नुसता दिवा बदलून सुमारे २०५ युनिट वाचतात आणि सेन्सरने आणखी सुमारे २८. तेव्हा आधी दिवा बदलावा, मग सेन्सरचा विचार करावा.

जिना, व्हरांडा, अंगण, वसतिगृहाचा बोळ अशा येण्याजाण्याच्या जागा सेन्सरला योग्य. अभ्यासाची खोली व स्वयंपाकघर नव्हे. तो चुलीसमोर किंवा उन्हाच्या खिडकीसमोर लावू नये. दिवसा दिवा लागू न देण्याची सोय असलेलाच घ्यावा. काही स्विचांना न्यूट्रल तार लागते व जुन्या घरांत ती बटणापर्यंत आलेली नसते; म्हणून हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

आमच्या जिन्यात आता असा दिवा आहे. दुकानदाराने तो तीस सेकंदांवर लावून दिला होता. आजी अर्ध्या जिन्यात टेकून उभी राहिली आणि दिवा विझला! त्याच रात्री आम्ही वेळ तीन मिनिटांवर नेली. यंत्राचा वेळ घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाकडे पाहून लावावा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. बाकीच्या खोल्यांत मात्र जुनाच उपाय चालू आहे, बाहेर पडताना बटणाकडे हात नेण्याचा. त्याला अर्धा वॅटदेखील लागत नाही.