दोहातूनही दिसणारी शुगर

टाइप वन मधुमेह असलेले मूल ज्या घरात आहे, त्या घराची रात्र वेगळी असते. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयार होत नाही, ते बाहेरून टोचावे लागते. टोचलेले थोडे जास्त झाले किंवा संध्याकाळी खेळणे वाढले, की शुगर रात्री घसरू शकते. मूल झोपेत असते, त्याला सांगता येत नाही. मग आई गजर लावून उठते, बोटाला सुई टोचून आकडा पाहते. आमच्या घरात तीन वर्षे हेच चालले. मुलगी बारा वर्षांची. ती, तिची अम्मी आणि दादी खेड तालुक्यात, आणि अब्बू दोहात नोकरीला. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची हीच मांडणी आहे.

दोहाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिकडे साडेअकराच झालेले असतात आणि अब्बू जागाच असतो. आकडा त्याला दिसला, तर निम्मी रात्र तोच राखील आणि तिची अम्मी झोपेल, या एका विचाराने आम्ही सगळे या उद्योगात पडलो.

दंडावर लावायचे सेन्सर आता आपल्याकडेही मिळतात. कातडीखालच्या द्रवातील ग्लुकोज ते मोजतात आणि काही मिनिटांनी नवा आकडा देतात. स्कॅन केल्यावरच आकडा देणारा सेन्सर झोपलेल्या मुलासाठी पुरत नाही. ब्लूटूथने आपोआप पाठवणारा हवा. कंपन्यांच्या स्वतःच्या अॅपमध्येही नातेवाइकांना आकडा पाहण्याची सोय असते. ज्यांचे काम तेवढ्यावर भागते, त्यांनी पुढचा खटाटोप करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्हाला मात्र आकड्याबरोबर इन्सुलिनचा डोस आणि जेवणाची नोंद एकाच आलेखावर हवी होती, आणि वर्षावर्षांची माहिती आपल्या हातात हवी होती.

यासाठी ‘नाइटस्काउट’ नावाची मोफत प्रणाली आहे. ती कोणत्या कंपनीने केलेली नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक या अभियंत्याच्या लहान मुलाला २०१२ मध्ये टाइप वन निघाला. मूल शाळेत असताना त्याचा आकडा आपल्याला कामावर दिसावा म्हणून २०१३ मध्ये त्याने सेन्सरच्या यंत्रातून माहिती काढून इंटरनेटवर टाकण्याची युक्ती केली. लेन डेसबरो, बेन वेस्ट असे इतर जाणकार येऊन मिळाले, आणि २०१४ मध्ये हे काम सर्वांसाठी खुले झाले. ‘आम्ही थांबणार नाही’ हे त्यांचे घोषवाक्य. कंपन्या कधीतरी सोय करतील, याची वाट पाहायला ते आईबाप तयार नव्हते.

पूर्वी बहुतेक लोक नाइटस्काउट हेरोकू या कंपनीच्या मोफत सर्व्हरवर चालवत. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ती मोफत सोय बंद झाली. पैसे भरून चालवण्याच्या सेवा आहेत, पण बऱ्याच घरांनी तेव्हा आपला सर्व्हर आपल्याच घरात ठेवला. आम्हीही तोच मार्ग धरला.

सर्व्हर म्हटले की मोठी खोली आणि पंख्यांचा आवाज डोळ्यांपुढे येतो. आमचा सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पाय ४, एटीएम कार्डाएवढ्या पाटीचा संगणक. तो टीव्हीमागे राउटरशेजारी पडून असतो. महिनाभर चालू ठेवला तरी वीज चार युनिटच्या आसपास. मुलीच्या जवळचा अँड्रॉइड फोन ‘एक्सड्रिप प्लस’ या अॅपने सेन्सरचा आकडा घेतो आणि पायकडे पाठवतो. पाय तो साठवतो आणि आलेख दाखवतो.

बसवताना सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो मोंगोडीबी या साठवणुकीच्या प्रणालीने. तिच्या पाचव्या आवृत्तीपासून पुढच्या आवृत्त्या पाय ४ च्या प्रोसेसरवर चालतच नाहीत. ४.४ मधील जुनी आवृत्ती घ्यावी लागते आणि तीही ४.४.१८ पर्यंतचीच, नाहीतर पाय ५ विकत घ्यावा. ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटची हवी. मेमरी कार्डावर रात्रंदिवस लिहीत राहिले की ते झिजते, म्हणून माहिती यूएसबीच्या एसएसडीवर ठेवली. आणि कोकणातला पावसाळा लक्षात घेऊन पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. वीज अचानक गेली की साठवलेली माहिती बिघडू शकते.

राउटरचे दार सगळ्या जगाला उघडे ठेवू नये. आम्ही क्लाउडफ्लेअरचा टनेल वापरतो. त्याला आपल्या नावाचे डोमेन लागते आणि त्याचा खर्च वर्षाला येतो. नाइटस्काउटचा मुख्य पासवर्ड किमान बारा अक्षरांचा लागतो. तो घरातल्या दोघांनाच माहीत आहे. बाकीच्यांना फक्त पाहण्यापुरते वेगवेगळे टोकन दिले. एखाद्याचे बंद करायचे झाले, तर इतरांना धक्का लागत नाही.

टोकन कोणाकोणाला द्यायचे, यावर मात्र घरात बरीच चर्चा झाली. खाला, मामू, चाचा सगळ्यांनाच काळजी. दोन आठवडे सहा जणांकडे आकडा होता. शाळेच्या मधल्या सुट्टीत आकडा २४० झाला की अम्मीला तीन फोन यायचे, ‘तिने काय खाल्ले?’ मुलगी एक दिवस म्हणाली, “मी बिर्याणी खाल्ली की अख्ख्या खानदानाला कळतं.” ती बरोबर बोलत होती. आता टोकन अम्मी-अब्बूंकडेच आहे. दादींनी स्वतःहून सांगितले, मला आकडा नको, पोरगी दिसली की पुरे.

इंटरनेट बंद पडले तर दोहाला काही दिसत नाही. म्हणून खरा गजर मुलीजवळच्या फोनवरच ठेवला आहे. तो इंटरनेटशिवाय वाजतो. सर्व्हर ही दुसरी फळी. अब्बू रात्री आकडा खाली जाताना पाहतो तेव्हा मेसेज करत नाही, साधा फोन करतो आणि उचलेपर्यंत करतो. आकडा आला म्हणून लगेच विश्वासही ठेवत नाही. मुलगी सेन्सरच्या कुशीवर झोपली की दाबामुळे खोटा कमी आकडा येतो. शुगर वेगाने बदलत असेल तेव्हा सेन्सर रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. शंका आली की बोटाची तपासणी करायचीच. नाइटस्काउट हे मान्यताप्राप्त वैद्यकीय उपकरण नाही, इन्सुलिनचा डोस त्यावरून ठरवायचा नाही, हे त्याचे कर्तेही सांगतात.

रमजान जवळ आला की प्रश्न येतोच. मैत्रिणी रोजा ठेवतात, हिलाही ठेवायचा असतो. आजाऱ्याला सवलत सूरह बकरामध्येच दिली आहे. जागतिक मधुमेह तज्ज्ञांची रमजानसाठी मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, मग इफ्तारला दहा मिनिटे का उरलेली असेनात. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही. आलेख डोळ्यांपुढे आहे म्हणजे रोजा ठेवण्याची परवानगी मिळाली, असे मात्र कोणी समजू नये. टाइप वनमध्ये धोका मोठा असतो आणि निर्णय डॉक्टरांचा. आम्ही शाबान सुरू होताच मागच्या तीन महिन्यांचा आलेख छापून घेऊन जातो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटले. यंदा आलेख बराच सपाट आहे, भेटीची तारीख घेतली आहे, आणि मुलीने प्रश्नांची यादी स्वतः लिहून काढली आहे.