बँजो वाजवणाऱ्याचं नाव काय?

हळदीच्या रात्री बँजोचा पहिला सूर लागला की मांडवातल्या बायका हातातलं काम टाकून उठतात. कशेळी-काल्हेरपासून वज्रेश्वरीकडच्या गावांपर्यंत, भिवंडी तालुक्यातल्या आगरी घरची हळद बँजोशिवाय रंगत नाही. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली, डीजे आला, तरी बँजो पार्टीची सुपारी चुकलेली नाही.

मागच्या लगीनसराईत काल्हेरच्या बाजूला एका हळदीला मी पार्टीच्या टेम्पोला टेकूनच उभा होतो. बँजोवाल्याने वाद्य समोर आडवं ठेवलं होतं. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात प्लॅस्टिकची पातळ पट्टी. वाद्याला पिकअप बसवलेला आणि त्याची वायर अँप्लिफायरला. कोळीगीताची चाल अर्ध्यावर सोडून तो धवळ्याच्या, म्हणजे पारंपरिक लग्नगीताच्या, संथ सुरावर आला, तिथून हिंदी सिनेमात शिरला आणि पुन्हा कोळीगीतावर उतरला. ढोल-ताशा आणि ऑक्टोपॅडवाले त्याच्या मानेच्या इशाऱ्यावर ठेका बदलत होते. समोर लिहिलेला कागद नव्हता. जेवणाची सुट्टी झाल्यावर मी विचारलं, ‘‘दादा, तुमचं काही रेकॉर्डिंग आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘लोकांच्या मोबाइलमधी हाय ना सगला.’’

ते उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते सांगायला बँजोच्या गोष्टीत थोडं मागे जावं लागेल.

आपण ज्याला बँजो म्हणतो ते वाद्य मुळात जपानी घडणीचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारवाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली आणि त्याचं नाव पडलं ताईशोगोतो. तेच वाद्य भारतात येऊन बुलबुलतरंग झालं आणि वीज जोडल्यावर आपल्या मिरवणुकांत बँजो म्हणून नांदलं. मूळचा बँजो निराळा. चामड्याने मढवलेलं गोल तोंड आणि लांब दांडी असं त्याचं रूप. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या हातून तो तिकडे घडला आणि पुढे डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरात गेला. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदात १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण आला. तो तीन बोटांनी अशा वेगाने बँजो वाजवी की त्या संगीताचा चेहराच बदलला. वाद्यवृंदाच्या नावावरूनच त्या संगीताला ब्लूग्रास म्हणू लागले. मँडोलिन, फिडल, गिटार, बँजो आणि बास एवढाच संसार, ढोल नाही.

पंचवीसेक वर्षांनी पुढच्या पिढीला ही चौकट अपुरी वाटू लागली. १९७१ साली केंटकीतच सॅम बुश आणि त्याच्या साथीदारांनी ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ काढला. वाद्यं बापजाद्यांची, पण त्यांवर रॉक, जॅझ, रेगे काहीही वाजवायची मोकळीक. पुरोगामी ब्लूग्रास म्हणतात ते हेच. जुन्या वळणाच्या श्रोत्यांना हे सहज पचलं नाही. आज मात्र या वादाचा निवाडा कुणीही घरबसल्या करू शकतो, कारण ध्वनिमुद्रिका जागेवर आहेत. १९७२च्या पहिल्या तबकडीत रॉक अँड रोलचं गाणं ब्लूग्रासच्या वाद्यांवर येतं. १९७५च्या ‘फ्लाय थ्रू द कंट्री’त नव्या गायकाचा, जॉन कॉवनचा, आवाज आणि इलेक्ट्रिक बास आहे. १९८१मध्ये जुना बँजोवादक कोर्टनी जॉन्सन बाहेर पडला, बेला फ्लेक आत आला, आणि १९८४च्या ‘ऑन द बुलेव्हार्ड’मध्ये बँजोची बोली बदललेली कानाला लगेच कळते. त्यातच बॉब मार्लेचं गाणंही आहे. १९८९च्या ‘फ्रायडे नाइट इन अमेरिका’नंतर, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, मंडळी थांबली. अठरा वर्षांत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या येण्याने काय बदललं, सगळं ऐकून पडताळता येतं.

हा बेला फ्लेक पुढे आपल्या दारापर्यंत आला. माहीमला जन्मलेल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने २००९ साली ‘द मेलडी ऑफ रिदम’ हा अल्बम केला. २०२३च्या ‘अ‍ॅज वी स्पीक’मध्ये या दोघांसोबत एडगर मायर यांचा बास आणि राकेश चौरसिया यांची बासरी आहे. तबला, बासरी आणि बँजो एकमेकांना जागा देत कसे बोलतात, हे त्यात ऐकावं. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यासाठी या चौघांना दोन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. मुद्रण राहिलं म्हणून तो संवादही राहिला.

आमच्या बँजोवाल्याचं काम या मंडळींपेक्षा मला हलकं वाटत नाही. धवळे गाणाऱ्या धवळारणीच्या तोंडचा सूर तो तारेवर आणतो, कोळीगीताला सिनेमाशी जोडतो, हजार माणसांना पहाटेपर्यंत नाचवतो. परंपरा धरून तिच्यात नवं मिसळणं म्हणजे आणखी काय असतं? पण त्याच्या वाजवण्यातली वाढ शोधायला गेलं तर हाती काय लागतं? घरी उरलेल्या कोळीगीतांच्या कॅसेटी मी काढून पाहिल्या. कव्हरवर गायक आहेत, गीतकार आहेत, बँजोवादक नाही. यूट्यूबवर क्लिपांना तोटा नाही, पण मी पाहिलेल्या बहुतेकांवर पार्टीचं नाव आणि सुपारीसाठी मोबाइल नंबर, एवढंच. वाजवणारा कोण, गाव कुठलं, साल कोणतं, काही नाही. वर फटाके आणि शिट्ट्यांचा गोंगाट. आणखी वीस वर्षांनी एखाद्या पोराला आपल्या आजोबांचा हात ऐकावासा वाटला, तर त्याने कुठे शोधायचं?

यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. हळद सुरू व्हायच्या आधी, सूर जुळवताना, अर्धा तास शांतता असते. तेवढ्यात बँजो एकटा वाजवून घ्यावा. अँप्लिफायरमधून थेट रेकॉर्डरला वायर जोडली तर गोंगाटही येत नाही. जुन्या वादकांकडून निदान धवळ्यांच्या आणि कोळीगीतांच्या चाली आधी घ्याव्यात, कारण त्या त्यांच्या बोटांतच आहेत, कागदावर नाहीत.

त्या काल्हेरच्या हळदीला काढलेल्या माझ्या क्लिपखाली मी पार्टीतल्या पाचही वादकांची नावं, गावं आणि तारीख लिहून ठेवली आहे. यंदा तुमच्या घरी हळद असेल, तर क्लिप पुढे पाठवण्याआधी बँजोवाल्याला त्याचं नाव विचारा आणि खाली लिहा.