ट्रॅफिक पडलं म्हणजे नक्की काय पडलं?

आठ-दहा वर्षं नेमाने चालवलेल्या ब्लॉगचे वाचक महिन्या-दोन महिन्यांत निम्म्यावर आले, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गूगलने आपल्याला बॅन केलं." दुसरं वाक्य एसईओवाल्याचं असतं आणि त्यात रकमेचा आकडा असतो. या दोन वाक्यांच्या मधे जे तपासायला हवं, ते बहुतेक वेळा राहूनच जातं.

आधी शिक्षेचंच बघू. गूगल शिक्षा करतं, हे खरं आहे. गूगलचा माणूस साइट पाहतो, नियम मोडलेला दिसला तर तशी नोंद करतो आणि त्याची सूचना सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलने साइटमालकांना दिलेल्या साधनात, येते. याला 'मॅन्युअल ॲक्शन' म्हणतात. याचं गाजलेलं उदाहरण जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं. भलत्याच विषयांच्या साइटांवर पेरलेल्या विकतच्या लिंकांच्या जोरावर ही साखळी कित्येक शोधांत पहिली येत होती. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हा प्रकार उघडकीला आणला. गूगलने कारवाई केल्यावर प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून 71व्या क्रमांकावर गेली. खरी शिक्षा अशी असते: कारण ठाऊक असतं आणि घसरण एका फटक्यात होते. तुमच्या सर्च कन्सोलमधलं 'मॅन्युअल ॲक्शन'चं पान कोरं असेल, तर तुमच्यावर अशी शिक्षा झालेली नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करताच लोक महिनोन्‌महिने माफीचे अर्ज शोधत बसतात.

मग ट्रॅफिक गेलं कुठे? कधीकधी ते गेलेलंच नसतं. 1 जुलै 2023 पासून गूगलने वाचक मोजणारं जुनं ॲनालिटिक्स बंद केलं आणि सगळ्यांना नव्या जीए फोरवर नेलं. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी असल्यामुळे जुने आणि नवे आकडे एकाच तक्त्यात मांडले, तर घसरण हमखास 'सापडते'. थीम बदलताना ॲनालिटिक्सचा कोड उडाला तर वाचक तिथेच असतात, फक्त मोजणी थांबते. सप्टेंबर 2025 मध्ये तर वेगळीच गंमत झाली. एका पानावर शंभर निकाल मागवण्याची जुनी सोय गूगलने काढून टाकली. क्रमवारी तपासणारी यंत्रं ती सोय वापरायची आणि त्यांचं ते बघणंही 'इम्प्रेशन', म्हणजे पान निकालांत दिसल्याची नोंद, म्हणून मोजलं जायचं. ती मोजणी थांबताच अनेक साइटांची इम्प्रेशन्स धाडकन खाली आली. क्लिक मात्र होते तेवढेच राहिले. खरा वाचक एकही कमी झाला नव्हता, तरी घबराट मात्र पुरेपूर झाली.

मराठी साइटांना आणखी एक फसवी घसरण दिसते, आणि ती इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडणार नाही. 'गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करा' हा सल्ला सगळीकडे दिला जातो. आपले सण मात्र तिथीने येतात. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. उकडीच्या मोदकांची कृती लोक चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत शोधतात. त्यामुळे पाककृतींच्या एखाद्या ब्लॉगवर सप्टेंबर 2024 शेजारी सप्टेंबर 2025 ठेवला, की वाचक गळून पडल्यासारखे दिसतात. सगळी गर्दी ऑगस्टमध्येच होऊन गेलेली असते. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे तेव्हा हाच तक्ता उगाचच भरभराट दाखवेल. तुलना तिथीशी करावी: चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे.

"आमचा ब्लॉग जुना आहे, गूगलचा त्याच्यावर विश्वास आहे." हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. क्रमवारीत आरक्षण नसतं. तुमचं पान होतं तसंच राहिलं आणि दुसऱ्या कोणी त्याच विषयावर अधिक चांगलं लिहिलं, तर तुम्ही काहीच न करता खाली जाता. शिवाय गूगल निकषही बदलत असतं. फेब्रुवारी 2011 मधल्या 'पांडा' बदलाने अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांवर परिणाम झाला, असं गूगलनेच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी 'पेंग्विन'ने विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटांना पाडलं. आता वर्षातून काही वेळा 'कोअर अपडेट', म्हणजे क्रमवारीच्या मुख्य यंत्रणेतला मोठा बदल, येतो, आणि त्यात खाली गेलेल्या पानात काही दोष असेलच असं नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.

जुन्या ब्लॉगांना सगळ्यांत जास्त झोंबला तो सप्टेंबर 2023 चा 'हेल्पफुल कंटेंट' अपडेट. त्याची खोच अशी होती, की साइटवर निरुपयोगी मजकूर जास्त असेल तर त्याचं ओझं चांगल्या पानांवरही पडायचं. मार्च 2024 मध्ये ही पद्धत मुख्य यंत्रणेतच मिसळली गेली. पण त्यात केवळ भरताड साइटाच पडल्या, असं म्हणणं खोटं ठरेल. हवाशुद्धी यंत्रं स्वतः चाचणी करून पाहणाऱ्या 'हाउसफ्रेश' या छोट्या साइटने 2024 मध्ये सविस्तर लिहून दाखवलं, की यंत्राला हात न लावता याद्या छापणारी बडी प्रकाशनं तिच्या वर जाऊन बसली आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये गूगलने फटका बसलेल्या काही साइटचालकांना कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयात बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. पूर्वीचं ट्रॅफिक परत येईल, अशी खात्री तिथेही मिळाली नाही, असं त्यांच्यातल्या काहींनी नंतर लिहिलं. त्यामुळे 'चांगलं लिहा, बाकी आपोआप होतं' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. चांगलं लिहूनही पडणारे आहेत, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

आता स्वतःच्या हाताने होणारं नुकसान. इथे मराठीची एक खास अडचण आहे. वर्डप्रेस देवनागरी शीर्षकावरून पत्ता बनवतं तेव्हा प्रत्येक अक्षराचं आणि प्रत्येक मात्रेचं टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात रूपांतर होतं. एकटा 'म' नऊ जागा खातो. 'उकडीचे-मोदक' एवढ्याला 91 जागा लागतात, आणि पत्त्याच्या या भागाला मर्यादा आहे 200 ची. अक्षरं आणि मात्रा सुट्या मोजल्या, तर बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक मधेच तुटतं. पुढे कधीतरी ही लांबलचक टक्केचिन्हं मालकाला कुरूप वाटू लागतात. मग कोणीतरी सांगतं, 'सगळे पत्ते रोमन करून टाक', आणि एका रविवारी दोनशे पोस्टांचे पत्ते बदलतात. मुळात देवनागरी पत्ता ही चूक नव्हती, गूगल तो वाचतं. जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे 301 रिडायरेक्ट, नीट लागलं नाही तर मात्र जुन्या पत्त्याने कमावलेलं सगळं तिथेच अडकून पडतं. गूगलचं ब्लॉगस्पॉट सोडून स्वतःच्या डोमेनवर जातानाही हेच घडतं.

साइट नव्याने बांधताना वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमधल्या एका चौकटीत टिक केली जाते: शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये. काम संपल्यावर ती टिक काढायची राहते. एवढ्यानेही ब्लॉग हळूहळू निकालांतून नाहीसा होतो. कधी दोष लेखकाचा नसतोच. 2020 मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेन खुद्द गूगलच्या हातून निसटलं. ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवर तेच ब्लॉग शाबूत होते, पण इतर साइटांनी दिलेल्या 'डॉट इन' लिंका बंद पडल्या.

काही समजुती दोन-दोन ओळींत निकालात निघतात. कीवर्डचा मेटा टॅग गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही. हे 2009 मध्येच जाहीर झालंय. गूगलला जाहिरातीचे पैसे दिल्याने साध्या निकालांतलं स्थान वर जात नाही आणि बंद केल्याने खाली येत नाही. शब्दसंख्येची ठरलेली अट नाही. एखादा परिच्छेद दोन ठिकाणी आला म्हणून 'डुप्लिकेट'ची शिक्षाही होत नाही, गूगल त्यातलं एक पान निवडून दाखवतं. मजकूर तोच ठेवून रोज तारीख ताजी करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

राहिलं ते सगळ्यांत नवं आणि न सुटणारं. सर्च कन्सोलमध्ये सरासरी स्थान तेच आहे, इम्प्रेशन्सही तेवढीच आहेत, आणि क्लिक मात्र निम्मे झालेत. याचा अर्थ रँक गेलेली नाही, वाचकाला उत्तर गूगलच्याच पानावर मिळालं. अशी उत्तरं गूगल वरच्या चौकटीत बरीच वर्षं देतंच होतं. ऑगस्ट 2024 मध्ये भारतात 'एआय ओव्हरव्ह्यू', म्हणजे निकालांच्या वर दिसणारे एआयचे सारांश, सुरू झाले आणि ही गळती वाढली. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने मार्च 2025 मधलं अमेरिकी वापरकर्त्यांचं ब्राउझिंग तपासलं. एआय सारांश नव्हता तिथे 15 टक्के वेळा लोकांनी एखाद्या निकालावर क्लिक केलं. सारांश होता तिथे 8 टक्के वेळा. एका ओळीत संपणाऱ्या उत्तरांवर उभ्या असलेल्या पोस्टा, म्हणजे अमावास्या कधी, एक हेक्टर म्हणजे किती एकर, अमुक नावाचा अर्थ काय, यांचे वाचक परत येतील असं मला वाटत नाही. तिथे थीम बदलून किंवा लिंका विकत घेऊन पैसे घालवू नयेत.

मग घसरण दिसली की करायचं काय? कोअर अपडेट चालू असताना काहीच बदलू नये. तो पूर्ण झाल्यावर आठवडाभर थांबून मग आधीच्या आठवड्यांशी तुलना करा, असं गूगल सांगतं. तुलना पूर्ण साइटची एकदम नको. पानागणिक आणि शोधशब्दागणिक करावी. पन्नास पोस्टांपैकी तीनच पडल्या असतील तर दुखणं त्या तिघींचं आहे. दुरुस्ती करूनही फरक दिसायला काही महिने जाऊ शकतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. आणि सर्च कन्सोल 16 महिन्यांपलीकडचे आकडे ठेवत नाही, तेव्हा दोन-तीन गणेशोत्सवांची तुलना करायची असेल तर दर वर्षीचा तक्ता उतरवून आपल्याजवळ जपायला हवा.